कितीही वापरा!

...आणि वर ती दुकानातली पोरगी म्हणते, ‘कितीही वापरा!’ अहो, वापरू कसं, आधी लावून तर द्या! तुम्हाला सांगतो, मी इथं टोकियोत, निशी-कसाईत राहून जपानी बँकांची सॉफ्टवेअरं लिहितो, पण घरात साधं नेट घ्यायला मला तीन रविवार लागले... तीन! एवढी घाई कशाला? तर साताऱ्याला आमची आई. नात सहा महिन्यांची झाली, अन् आईनं ती पाहिलीय फक्त फोटोत. ‘उष्टावण तरी दिसेल ना रे मला?’ एवढंच म्हणाली हो! दादानं तिकडे कॉम्प्युटरला कॅमेरासुद्धा बसवला, आणि आमचं घोडं इकडे दुकानात अडलेलं!

दुकानात प्लॅनच प्लॅन! एकावर फोन फुकट, एकावर चक्क राइस कुकर! मी म्हटलं, बाई, आईशी पोटभर बोलता येईल असं काहीतरी द्या. ती कमरेत वाकून, ‘हाय!’, म्हणजे हो, ‘कितीही वापरा!’ मी सहीला पेन काढलं, तर म्हणते, ‘हांको?’ म्हणजे नावाचा शिक्का! आता तानाका, सुझुकी यांचे शिक्के दुकानात तयार टांगलेले असतात, पण आमच्या धायगुडे नावाचा कोण टांगणार? करायला टाकला... गेला आठवडा! शिक्का घेऊन गेलो, तर घरमालकाची परवानगी आणा, भिंतीला भोक पडेल! आमचे घरमालक ओकादा-सान दातांतून हवा ओढत, ‘स्स्स... भोक...’ अहो, भोक भिंतीला पाडायचंय, तुमच्या छातीला नाही! शेवटी आमच्या हिनं, नेत्रानं, पोरगीच त्यांच्या मांडीवर ठेवली. विरघळला म्हातारा! म्हणाला, एसीच्या पाइपाचं भोक आहे, त्यातूनच घ्या वायर.

उष्टावणाच्या आदल्या दिवशी लागलं एकदाचं! मामा पुण्यात, म्हणून खीर मीच भरवली. आई कॅमेऱ्यासमोर नवी साडी नेसून बसलेली. पोरीनं खीर थुंकली, तर आई हसली काय, रडली काय, ‘दृष्ट काढ गं नेत्रा’ काय... आणि दोन मिनिटांत, दोन हं, ‘बरं, ठेवते. उगीच बिल चढेल तुला.’

‘अगं आई, कितीही वापरा म्हणालेत!’

‘दुकानदार तसंच म्हणणार रे!’ बंद!

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी तेच! इतकी वर्षं परदेशचा फोन म्हटलं की घड्याळ बघत बोललेली बाई ती, तिला कितीही म्हणजे किती हेच कळेना. तिकडे नेट धो धो वाहतंय, इकडे मी एकटाच त्यावर क्रिकेटचा स्कोअर बघतोय!

मग एका रविवारी डोकं चाललं. आमच्या आईच्या राज्यात रात्रीच्या भाताचा सकाळी फोडणीचा भात होतो, काही टाकायचं नाही. म्हटलं, ‘आई, नेट थोडंसंच उरलंय गं. आज संपवलं नाही तर वाया जाईल.’

‘वाया?’

दीड तास! तुम्हाला सांगतो, दीड तास हलली नाही! पोरगी झोपली तर झोपलेली बघत बसली. वर शेजारच्या जयंतीकाकूंना हाक... ‘या हो, नात बघायला या! उरलंय!’

तर आता असं आहे... घेतलंय अनलिमिटेड, दोन वर्षांच्या करारावर धायगुडेचा शिक्का मारून, आणि दर रविवारी आईला सांगतो, ‘थोडंसंच उरलंय गं!’