ठेवल्या जागी

(लंडन, सतरावं शतक संपत आलेलं. नाटकगृहामागची रंगपटाची खोली, दुपार. आरशासमोर नटी फिलिडा. दारात नाटककार जेरोम थर्लबीची बायको डॉर्कस, हातात काढलेला मुखवटा.)

फिलिडा : नाही म्हणजे नाही! देवाशप्पथ सांगते बाईसाहेब, तुमचे यजमान माझ्याकडे येतात ते संवाद बसवायला. तुम्हाला ओरडायचंच असेल तर नाटक संपल्यावर ओरडा. गालाचा रंग अजून ओला आहे माझ्या.

डॉर्कस : ओरडायला नाही आले मी. नवरा खुशाल ठेवून घ्या. घोरतो, ते मात्र आधीच सांगते.

फिलिडा : ते माहितीये मला... म्हणजे, घोरत असतील.

डॉर्कस : असू दे. मी माझी वाक्यं न्यायला आलेय.

फिलिडा : तुमची? कुठली वाक्यं?

डॉर्कस : मागच्या नाटकात पंखा मिटून काय म्हणायचात? लोक छप्पर डोक्यावर घ्यायचे.

फिलिडा : ‘खोटी स्तुती माणूस ओळखतो, पण परत पाठवत नाही.’ अख्ख्या गावाला पाठ आहे ते!

डॉर्कस : आमच्या पाद्रीबुवांबद्दल बोलले होते मी. वाटाणे सोलता सोलता. आणि ‘शेजारणीचं दुःख ऐकायला बाई धावत जाते, सुख ऐकायला मात्र तिचे पाय दुखतात’, ते नणंदेबद्दल.

फिलिडा : काहीतरीच! ते म्हणाले, माझ्या डोळ्यांत बघितलं की सुचतं त्यांना.

डॉर्कस : तुझ्या डोळ्यांत बघून त्याला आठवत असेल. सुचतं ते माझ्या चुलीपाशी.

फिलिडा : जळता तुम्ही माझ्यावर. सरळ सांगा की.

डॉर्कस : जळते. सांगायला काय जातंय? मी वरच्या सज्जात बसते, तोंडावर मुखवटा लावून. माझं वाक्य येतं, लोक खो खो हसतात, आणि बघतात तुझ्याकडे. तू झगा धरून वाकतेस. नवऱ्यापायी मी एवढी कधीच जळले नाही गं. तुझ्याआधीही दोघी होत्या. पण हे वाकणं मला झोपू देत नाही.

फिलिडा : आणि माझं काय? गुरुवारी तो फिरकत नाही माझ्याकडे. एकदासुद्धा नाही! मला वाटायचं, आमच्याच नाटकमंडळीतली ती लाल केसांची. तिच्या दाराशी चिखलात उभी राहिलेय मी, बाईसाहेब, त्याला पकडायला. भिजून पडसं झालं, आवाज बसला. कुठे असतो तो गुरुवारी? तुम्हाला ठाऊक आहे?

डॉर्कस : घरी.

फिलिडा : घरी?

डॉर्कस : गुरुवारी मी शिवायला बसते. तो समोर खुर्ची ओढतो आणि म्हणतो, बोल ना डॉर्कस. मला वाटलं, एवढ्या वर्षांनी नवऱ्याला घरची ओढ लागली. लेसची टोपी घालून बसायचे मी गुरुवारी. वेडी!

फिलिडा : म्हणजे मी इतके दिवस जळत होते ती तुमच्यावर.

डॉर्कस : आजच्या नव्या नाटकातला तुझा तिसरा अंक परवा वाचून दाखवला त्याने. ते पंख्याचं वाक्य म्हण बघू.

फिलिडा : ‘मूल नसलेलं घर किती छान, बाई! ठेवलेली वस्तू ठेवल्या जागी सापडते.’ तालमीत मेणबत्त्या लावणारासुद्धा पोट धरून हसला.

डॉर्कस : आमची किट्टी माझं शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान लपवायची. कधी पिठात, कधी बापाच्या बुटात. पाच वर्षांची होती. तिला पुरून आलो त्या संध्याकाळी मी टोपली उघडली, तर अंगुस्तान वरच होतं. तेव्हा बोलले मी हे. खोलीत तो एकटाच होता.

फिलिडा : अगं आई गं.

डॉर्कस : बाकीची सगळी ठेव. एवढं एक दे मला. आज तू बोललीस की उद्या ते कॉफीखान्यात पोचेल. आणि तुमच्यात एकदा मिळालेली भूमिका मरेपर्यंत नटीचीच. तू म्हातारी होईस्तोवर लोक माझ्या किट्टीवर हसत राहतील.

फिलिडा : आणि मी गाळलं तर? पुढच्या नाटकात तो मला तबक धरून कोपऱ्यात उभी करेल. नायिका मग ती लाल केसांची! मी संत्री विकत याच नाटकगृहात वाढले, बाईसाहेब. परत टोपली घेऊ होय?

जेरोम : फिलिडा! अगं, उमराव मंडळी येऊन बसलीत, वादन सुरू होतंय, आणि तू... डॉर्कस? तू इथे? हे बघ, तुला वाटतंय तसं काही नाही हं.

डॉर्कस : मला कुठे काय वाटतंय? कौतुक करायला आले.

जेरोम : हां. छान केलंस. फिलिडा, तिसऱ्या अंकातल्या त्या वाक्यानंतर थांबायचं. हसू पुरतं ओसरू दे.

फिलिडा : ते सुचलं कसं हो तुम्हाला?

जेरोम : असंच. नदीकाठी फिरत होतो. काही वाक्यं आपण होऊन चालत येतात.

फिलिडा : घरी ऐकवलंत?

जेरोम : ऐकवलं की परवा. ही हसलीसुद्धा नाही. विनोदाचं अंगच नाही बिचारीला. चल, आटप. मी पडद्याशी आहे.

फिलिडा : गेला.

डॉर्कस : हं.

फिलिडा : त्याला खरंच आठवत नाही?

डॉर्कस : खरंच नाही. आठवत असून लिहिलं असतं, तर भांडले तरी असते मी.

फिलिडा : त्या जागी काय बोलू मग? काहीतरी बोलायलाच हवं, नाहीतर समोरचा नट अडून राहील.

डॉर्कस : मला विचारतेस?

फिलिडा : मग कुणाला विचारू?

डॉर्कस : म्हण... ‘बाईचं रूप उतरेपर्यंत ती बोलतेय हे कुणाच्या लक्षात येत नाही, आणि उतरल्यावर ती बोलतेय हे कुणाला सोसत नाही.’ आज सकाळी सुचलं. अजून त्याच्या कानावर गेलेलं नाही.

फिलिडा : ...हे माझ्यावरच बसतं की, बाईसाहेब.

डॉर्कस : तुझ्यावर बसायला अजून वेळ आहे. माझ्यावर बसलंय. हा घे पंखा.

फिलिडा : आणि नाटकानंतर कुणी विचारलं, हे वाक्य कुणाचं, तर?

डॉर्कस : कुणी विचारत नाही गं.