शांत खोलीतला बहिरा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे सर्व मान्यवर, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते आपले कानाचे मोठे डॉक्टर, त्यांच्या सौभाग्यवती, दवाखान्यातल्या सिस्टर, आणि माझ्यासारख्या कमी-जास्त ऐकू येणाऱ्या बंधू-भगिनींनो,

आधी माफी मागतो. भाषण लिहून आठवडाभर आधी दाखवा, असं व्यवस्थापकसाहेबांनी बजावलं होतं. मी ते आज सकाळी दिलं, तेही ते हार आणायला धावत असताना. वाचायला त्यांना सवड झाली नसणार. उशीर मुद्दाम केला असं कोणी समजू नये. शाळा अर्ध्यात सुटलेली, लिहायला बसलो की घाम फुटतो. शिवाय कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावाखाली ‘कृतज्ञ रुग्णाचे मनोगत’ छापलंय. त्या ‘कृतज्ञ’पाशीच माझे बरेच दिवस गेले.

अध्यक्षमहाराज, तुमच्यापुढची घंटी मी पाहिली आहे. वेळ संपली की वाजवा, तुमचा अधिकार आहे. पण ती माझ्यापर्यंत पोचायची नाही. का, ते सत्कारमूर्तींना विचारा.

आतापर्यंतच्या वक्त्यांनी डॉक्टरसाहेबांचे गुण गायले. माझी मुलगी शेजारी बसून मला एकेक वाक्य कागदावर लिहून देत होती. शिस्त, वक्तशीरपणा, अचूक निदान. ‘अचूक निदान’ लिहिताना तिच्या पेन्सिलीचं टोक मोडलं.

मी चिनी मातीच्या कारखान्यात होतो. कप-बशा. भट्टीतून निघालेला कप माझ्यापुढे यायचा, मी त्याला लाकडी काडीने टिचकी मारायचो. खणखणीत वाजला की पुढे, बद्द वाजला की बाजूला. तडा डोळ्याला दिसत नाही, पण आवाजात लपत नाही. एके वर्षी माझा उजवा कान गेला, काही आठवड्यांत डावाही. मुकादम म्हणाला, “काका, आज सगळेच कप बद्द झाले, की तुम्ही?” सगळे हसले. मीही हसलो, कारण तो काय बोलला ते मला ऐकूच आलं नव्हतं.

मग मी डॉक्टरसाहेबांकडे आलो. सौ. बरोबर होती. साहेबांनी विचारलं, “कामाला कुठे?” ती म्हणाली, “कारखान्यात.” झालं. साहेब म्हणाले, “यंत्रांच्या आवाजाने गेले कान. नसा मेल्या. आता कानाला ऐकण्याचं यंत्र लावा.” ती म्हणाली, “अहो, पण हे तर...” तोवर पुढचा पेशंट आत.

आता मला सांगा, जिथे टिचकीचा आवाज ऐकायचा असतो ती खोली कशी असेल? कारखान्यातली सगळ्यात शांत खोली होती ती! दाराला दुहेरी पडदा. आत कोणी शिंकलं तर मुकादम डोळे वटारायचा. साहेब, ‘कुठल्या खोलीत?’ एवढं तुम्ही विचारलं असतं तर? आणि ‘घरात आणखी कोणाचे कान गेलेत का?’ हेही नाही विचारलं. माझी आत्या विशीत बहिरी झाली होती. सौ. तेच सांगायला तोंड उघडत होती.

पुढे माझे सांधे सुजले. दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. आणि एका सकाळी स्वयंपाकघरात सौ. नळाखाली भांडी घासत पुटपुटत होती, ते मी बाहेरून ऐकलं. “ऐकू येत नाही ते बरंच, निदान उलट उत्तर तरी देत नाहीत.” मी म्हणालो, “देतो ना!” तिच्या हातातली परात खाली पडली. तीही मी ऐकली.

त्याच दिवशी धावत तुमच्याकडे आलो, साहेब. आठवतं? तुम्ही मला काचेच्या खोलीत बसवून तपासलं. कागदावरची माझ्या ऐकण्याची रेघ वर चढली होती. तुम्ही ती पाहिली, पुन्हा पाहिली, आणि म्हणालात, “आमचं मशीन बिघडलेलं दिसतंय.” कागद चुरगळून टोपलीत टाकलात. मी म्हटलं, “अहो, पण मला तुमचं बोलणं ऐकू येतंय!” तर म्हणालात, “मनाचे खेळ असतात.” गोळ्या संपल्या तसे कानही मिटले. मीही गप्प बसलो. एवढा मोठा डॉक्टर आणि मोठं मशीन, मग चुकलो असेन मीच, नाही का?

माझी मुलगी त्याच कारखान्यात, त्याच खोलीत, माझ्याच स्टुलावर बसते. तिचा डावा कान जायला लागला तेव्हा तिला घेऊन मी तुमच्याचकडे आलो. माणूस पुन्हा त्याच दारात का जातो? सवयीने, दुसरं काय. या वेळी मात्र तुम्ही विचारलंत, “घरात कोणाला आहे?” तिने माझ्याकडे बोट केलं. तुम्ही पेनाला टोपण लावलंत. “घराण्याचं आहे. वडिलांकडून आलंय. त्याला कोण काय करणार?” जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्यात.

माझ्या वेळी घराणं विचारलं नाहीत, आणि तिच्या वेळी घराण्यापुढे काहीच विचारलं नाहीत. घरी आल्यावर ती माझ्या कानाशी ओरडून म्हणाली, “बाबा, तुम्ही मला नाक तेवढं दिलं असतं तरी चाललं असतं!” थट्टा केली तिने. मी तिकडे मोरीत जाऊन तोंड धुतलं. बापाने लेकीला काय दिलं, हे पांढऱ्या कोटातल्या माणसाने टोपण लावता लावता सांगायचं असतं का?

तिचा डावा कान पुरता गेला. मग उजवाही कमी-जास्त व्हायला लागला, तेव्हा या दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरीणबाईंनी तिला पाहिलं. त्यांनी आम्हा दोघांना बसवून चित्र काढून समजावलं. आपल्या रक्षणासाठी शरीरात जे शिपाई असतात, तेच चुकून आतल्या कानावर तुटून पडतात. घराण्यातून येतो तो फक्त कल, निकाल नव्हे. लवकर औषध दिलं तर पुष्कळांचं ऐकणं परततं, काहींचं परतत नाही. कोणाचं परतेल यातही घराण्यातून आलेल्या गोष्टींचा हात असावा असं दिसतं, पण आजच छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही, असंही बाई म्हणाल्या. ‘माहीत नाही’ म्हणणारा डॉक्टर मी पहिल्यांदा पाहिला.

अध्यक्षमहाराज उभे राहिलेले दिसताहेत. बसा साहेब, संपवतोच. व्यवस्थापकसाहेब, माईकची वायर ओढू नका, पाय अडकून पडाल.

आता मुद्द्याचं. मुलीला बाईंनी त्याच स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्यात. साखर वाढली, चेहरा सुजला, झोप उडाली. उजवा कान थोडा उघडतो, पुन्हा मिटतो. गोळ्या थांबवाव्यात, की नेट लावून त्याच वाटेने, त्या शिपायांना आवरणाऱ्या पुढच्या कडक औषधाकडे जावं, अशा पेचात बाई आहेत. त्यांनी विचारलं, “घरात कोणाला या गोळ्यांनी फरक पडला होता का?” मी माझं सांगितलं. त्या म्हणाल्या, “काका, तेव्हाची तपासणी कोणी केली? त्यांच्याकडून खात्री झाली तर मला पुष्कळ आधार होईल.” कागद तर तुम्ही टोपलीत टाकलात. ती रेघ पाहिलेला माणूस जगात एकच आहे, आणि तो आज हार घालून बसलाय.

बाईंनी तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, “बघतो.” पुन्हा विचारलं. म्हणालात, “निवृत्तीची गडबड आहे.” साहेब, एवढंच सांगायचं होतं की मशीन ठीक होतं. ते कबूल केलं तर अचूक निदानाला डाग लागतो, हे माझ्यासारख्या अडाण्यालाही कळतं. लागू दे की! माझे कान मी मागत नाही. ते गेले, त्यांच्यावर बोलून आता कोणाचं भलं होणार नाही. तिसऱ्या रांगेत माझी लेक उजवा कान पुढे करून बसली आहे, तिचा तो एक कान राहिलाय.

बोलण्याच्या भरात आवाज चढला असेल. मला माझा आवाज कळत नाही, त्याची क्षमा असावी. वहिनी, तुमचा समारंभ कडू केला, तुम्हीही क्षमा करा. संयोजकांचे, अध्यक्षांचे आणि शेवटपर्यंत बसून राहिलेल्या सगळ्यांचे आभार.

साहेब, या सगळ्यांनी आज तुम्हाला निरोप दिला. मला मात्र तुमचा निरोप हवा आहे. बाईंना द्या. हो किंवा नाही, काहीही द्या, पण खरा द्या आणि लवकर द्या. तिला ऐकू येतंय तोवर.