तारा मी लावल्या होत्या

माहं माहेर पेनगंगेच्या काठचं, जैनथच्या खाली. घरात मराठी, शाळेत तेलुगू, बजारात हिंदी, शिकली मी सातवीच, पण तीनी भाषा तोंडात बसल्या, अन् काय सांगू तुमाले, त्या भाषेनंच मले भाकर देल्ली. मालक वारले तवा पोरगी तीन वर्साची होती, सासरचे म्हणे ऱ्हाय इथंच, दोन घास भेटतीन, मी म्हटलं नाई, मले आपल्या हातानं कमवा लागते, अन् आदिलाबादले एका दवाखान्यात ठेक्यावर आया म्हणून लागली. दवाखान्याचं नाव नका लिहू. माहं लिहा, शोभा.

काम कॅज्वल्टीत. कॅज्वल्टी म्हंजे पेशंट पहिले येते ते जागा. साप चावलेलं, गाडीवरून पडलेलं, अन् छाती दुखणारे, छाती दुखणारे लय. पेशंट भीमपूरकडचे, मराठी बोलणारे, डाक्टर तेलुगू, मंग बोलवा शोभाअक्काले. मी विचारो, मावशी कुठं दुखते, कवापासून, हातात उतरते का, जबड्यात ओढते का, घाम सुटला का, अन् डाक्टरले तेलुगूत सांगो. एक म्हाताऱ्या डाक्टरीणबाई होत्या तवा, त्या म्हणल्या, शोभा, पेशंट काय बोलते ते तं आइकच, पण हात कुठं ठेवते ते पाह्य. एका बोटानं जागा दाखोते त्याले जरा बसोलं तरी चालते, अख्खा पंजा छातीवर ठेवते त्याच्यासाठी पळ. मी पळो बाप्पा, चपला तिथंच टाकून पळो.

आता मशीनचं सांगतो. ईसीजीची मशीन, तिच्या तारा हातापायाले लावा लागते अन् सहा छातीवर, मंग कागदाची पट्टी निघते. बाईच्या तारा डाव्या थानाखाली बसवा लागते, चोळी सोडल्याबिगर जमत नाई, अन् आमच्याकडची बाई मरण पत्करन पण परक्या माणसापुढं चोळी सोडनार नाई. मशीनवाला माणूस, गंगाधरभाऊ. पह्यले तो काय करे, पदर बाजूले सारून चोळीच्या वर जिथं जागा भेटन तिथं तारा चिटकवे, पट्टी कायची बरोबर निघते? डाक्टरीणबाई रागावत. मंग गंगाधरभाऊनंच मले शिकवलं. आपल्या सदऱ्यावर बोट फिरवून दाखवलं, बरगड्या अशा मोजा ताई, चवथी फट, तिथं पह्यली तार, तिच्या समोर दुसरी, मंग थानाखालून काखेपर्यंत. चार दिवसात माहा हात बसला.

तवापासून तोच रिवाज. पडद्याआड मी अन् बाई, पडद्याबाहेर मशीन अन् गंगाधरभाऊ. मी आतून म्हणो, हो भाऊ, तो बटन दाबे, अन् पट्टीवर दस्तखत त्याचे. अकरा वर्स. सिस्टरले माहीत, मोठ्या सायबाले माहीत, सारे म्हणत अक्का हाये तं बायायची काळजी नाई. अन् भाऊ मी त्याले वरवरचं नाई म्हटलं, त्याच्या बायकोच्या दोनी बाळंतपणात मी रजा टाकून बसली, त्याची माय वारली तवा त्याच्या घरी स्वयंपाक मी केला.

कापूस वेचणीचे दिवस होते, दुपार व्हायची होती, भीमपूरकडून रुक्माबाई आली, पन्नाशीची बाई, संगं सून. सून म्हणे, वेचता वेचता वांती झाली, गॅस असन म्हणून सोडा पाजला, आता जबडा दुखते म्हणते. मी म्हटलं मावशी, छातीत कुठं? तं तिनं पंजा ठेवला. चोळी घामानं पिळून काढा एवढी ओली. पडदा ओढला, तारा लावल्या, नीट लावल्या, देवाची आन घेऊन सांगतो. पट्टी साफ निघाली. झटका असूनबी पह्यली पट्टी साफ निघते कवाकवा. डाक्टरीणबाई सांगत, पह्यली साफ असली अन् माणूस घामेजलं असन तं सोडू नका, दुसरी काढा. त्या तं बदली होऊन गेल्या होत्या. मी नव्या डाक्टरले म्हटलं, सर, बाई ठीक नाई दिसत, थोड्या वेळानं आणखी एक काढू. त्यानं गंगाधरभाऊकडं पाह्यलं. भाऊ म्हणे, साफ हाये सर, बाहेर गर्दी लय झाली. झालं. गॅसचं इंजेक्शन देल्लं, डाक्टर म्हणे एमी लेदम्मा, काई नाई झालं, जा घरी. रुक्माबाईनं माहा दंड धरला, म्हणे तू म्हणत असशीन तं जातो बाई. मी म्हटलं जा मावशी. हे मी म्हटलं, हे बी लिहा.

बसस्टँडवर पडली ते. परत आणली तवा जीव नव्हता.

चौकशी बसली. डाक्टर म्हणे मी पट्टी पाहून सोडलं, पट्टीच चुकीची निघाली असन, तारा कोनं लावल्या विचारा. मी भेली नाई, मले वाटलं भाऊ हाये ना. अन् गंगाधरनं बयान देल्लं, मी दुसऱ्या पेशंटपाशी होतो, आयानं मले न विचारता मशीनले हात लावला, मी तिले कवाच शिकवलं नाई. बोलताना खिडकीकडं पाहून राह्यला होता. सिस्टर चूप. अकरा वर्स डोळ्यानं पाहणारी बाई, चूप. बाहेर आल्यावर मी त्याले विचारलं, काऊन रे असं केलं? तं म्हणे ताई, माही नोकरी पक्की हाये, गेली तं गेली, तुमी ठेक्यावर, तुमाले फार तं दुसरीकडं टाकतीन, तुमचं काय जाते?

माहं काय जाते. रुक्माबाईच्या गावात आजबी म्हणतात आयाबाईनं मशीन उलटी लावली अन् बाई मारली. तिची सून एकदा बजारात दिसली, भाजीचा थैला खाली ठेवून माह्याकडं पाहत उभी राह्यली. शिवी देल्ली असती तं बरं झालं असतं.

मले धुलाईत टाकलं, चादरी, आपरेशनचे हिरवे कपडे. कॅज्वल्टीतून ओळखीची एखादी बाई येते, म्हणते अक्का तूच चाल ना, मी म्हणतो मले परवानगी नाई, तू जाय, लाजू नको, चोळी सोडजो, जीवापेक्षा चोळी मोठी नाई.

मागच्या महिन्यात चादरी पिळताना माह्याच छातीत दाटून आलं. पाह्यलं तं माहा पंजा छातीवर. गेली पायीपायी कॅज्वल्टीत. ड्युटीवर गंगाधर, केस पिकले होते त्याचे. तारा हातात घेऊन उभा, पुढं येईना. मी म्हटलं, दे इकडं. पडदा ओढला, पडल्या पडल्या आपल्या बरगड्या आपणच मोजल्या, आपल्या हातानं साऱ्या तारा लावल्या अन् आतून म्हटलं, दाब. पट्टी निघाली. तो बाहेरून पाहत राह्यला, मंग हळूच म्हणे, ताई, तारा एकदम बरोबर लागल्या.

मी म्हटलं, हे चौकशीत सांगाचं होतं.

तो पट्टी घेऊन डाक्टरकडं गेला. मले काई निघालं नाई, दुसऱ्या पट्टीतबी नाई, डाक्टरनं गोळ्या लिहून देल्ल्या, मी परत चादरीपाशी आली. आता चाललं हाये तसं चाललं हाये. माही पोरगी नर्सिंग शिकून राह्यली, ते म्हणते माय, सोड आता. सोडलं. त्याचं वाईट व्हावं असं मी कवाच म्हटलं नाई, त्याची लेकरं माह्या हातावर जन्मली, सुखात राहो ते. पण त्याले भाऊ म्हणायले तोंड उघडत नाई माहं.