शेरूचा जुना तांदूळ

हसायचं तर हसा, पण मी आमच्या कुत्र्यावर जळलो होतो. शेरूचं पोट नाजूक. जरा काही वेगळं खाल्लं की ओकायचा. जनावरांच्या डॉक्टरनं सांगितलं, नवा तांदूळ बंद, जुन्या तांदळाचा मऊ भात द्या आणि सोबत बिनमसाल्याचं चिकन.

आता आमच्या घरी जुना तांदूळ फक्त पाहुण्यांसाठी निघतो. बायकोनं तो शेरूसाठी काढला! वर भात कुस्करून, फुंकर मारून त्याच्यापुढं ठेवायची. माझ्या ताटात नव्या तांदळाचा चिकट गोळा.

"काऊन वं, मी का परका आहो?"

"तुमचा पोट बिघडला का जी?"

मी लगेच पोट धरलं. "सकाळपासून दुखून राहिला."

बिचारी घाबरली. मला जुना तांदूळ मिळाला, पण त्याची पेज! चिकन मागितलं तर म्हणाली, "शेरूलेबी पहिले दोन दिवस नाई देलो."

रविवारी घरात झणझणीत रस्सा शिजला. वास आला तसं मी कबूल केलं, "मी खोटं बोललो. पोट ठणठणीत आहे. वाढ आता."

"डॉक्टर का म्हणले? नाजूक पोटाचा खाणा एकदम बदलवाचा नाई. आठ दिवस हळूहळू."

तिनं माझ्या पेजेत रस्सा घातला. एक चमचा. मी तोंड वाकडं केलं, तर शेरूच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणते कशी, "यानं बिचाऱ्यानं कधी कुरकूर नाई केली."