ओवीचं दुसरं बारसं

आमच्या ओवीच्या बारशाचं तुम्हाला सांगितलं का? हो, बारसंच, नोकरीला लागलेल्या मुलीचं! आम्ही तिला मुलगा समजून वाढवलं. मग एक दिवस तिनं सांगितलं, मी मुलगी आहे, आणि आपलं आपण ओवी नाव घेतलं. शेजाऱ्यांनी आमच्याकडे येणं बंद केलं. माझी नणंदही फोन घेईना. म्हटलं, हीपण गेली.

एका दुपारी नणंद खडकीहून थेट दारात.

"नाव ठेवायचा मान आत्याचा. मला कुणी विचारलं?"

"अहो ताई, एवढ्यासाठी रुसलात?"

"मग आणखी कशासाठी रुसणार?"

झोपाळ्यावर बसून तिनं ओवीचं डोकं मांडीवर घेतलं, पायानं हलकेच झोका दिला आणि कानात नाव सांगितलं. कड्या कुरकुरत होत्या, पडद्यातलं ऊन दोघींवरून मागेपुढे होत होतं. ओवीनं डोळे मिटले.

"आत्या, पुन्हा सांग ना."

एक गोष्ट दोनदा न बोलणारी आमची नणंद झोका थांबेपर्यंत तेच नाव सांगत राहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली,

"बघत काय बसलीस? नाव ठेवलं की आत्याच्या पाठीत बुक्के मारतात. मार जोरात. आणि आधी दार उघड, शेजारी ऐकू जाऊ दे."