माशीमार आणि खांदा

एक्स-रेच्या खोलीबाहेर बाकावर आजी-आजोबा बसले होते. एक्स-रे काढणाऱ्या बाई दाराशी उभ्या राहून आजींचा कागद भरत होत्या, पण कान मात्र बाकाकडे होते.

"चार महिने खांदा दुखतोय आणि मला आत्ता सांगतेस?"

"आधी सांगितलं असतं, तर तुम्ही कॅमेऱ्याची ती लांब लेन्स कपाटात टाकली असती."

"टाकलीच असती! तीन किलोची धोंड आहे ती. घरात स्टँड काय शोभेला ठेवलाय?"

"स्टँड लावेपर्यंत तो माशीमार पक्षी थांबतो होय? एवढासा जीव, क्षणात या फांदीवरून त्या फांदीवर. माझ्या खांद्यावर लेन्स टेकवली, की तुम्ही वळाल तशी मी वळते."

"हात थरथरतात माझे आणि भोगतेस तू."

"भोगते कसली? परवाच्या फोटोत त्याच्या चोचीतल्या माशीचे पायसुद्धा मोजता येतात."

"ते तुझ्यामुळे. मी बटण दाबेपर्यंत श्वाससुद्धा घेत नाहीस. चाळीस वर्षं फोटो काढतोय, पण इतकं स्थिर झाडही उभं राहिलेलं पाहिलं नाही."

"पुरे झालं कौतुक. त्या बाई ऐकतायत."

बाईंनी हसू दाबलं, आजींना आत नेऊन यंत्रापुढे उभं केलं.

"आता श्वास रोखा हं. अजिबात हलू नका."

पडद्यावर खांद्याचं हाड अगदी रेखीव उमटलं. बाई बघतच राहिल्या. मग दचकून वळल्या.

"अहो आजी, झालं कधीच! सोडा की श्वास!"

"झालं? मग क्लिक कसं नाही ऐकू आलं?"