करवंदीच्या घाटातली हवा

ऐका गं पोरींनो, ऐका रे. आन् त्या शेकोटीत लाकूड सारा जरा, पाठीला गार लागतंय मला.

माझा रावजी तवा दीड वर्साचा. दिवेलागनीला इंचू चावला त्याला. काळा इंचू! पोर गार पडलं, घामानं चिंब. दवाखाना घाटाच्या वर. माझा धाकटा भाऊ कोंडिबा जीप घिऊन आला. लष्करातली जुनी जीप, तिला हीटर बी व्हता. आमी हसायचो त्याला, हितं कशाला हीटर! त्याच दिशी त्यानं रेडिएटरचा पाईप बदलला व्हता. "बस आक्का," म्हनला, न् निघालो अंधारात.

आता घाटाच्या पायथ्याला एक दगड हाय. कुनी वाटसरू तहानेनं मेला तितं, म्हनत्यात. चढायच्या आधी डायवर थांबतो, गाडीचं पानी बघतो, पयली ओंजळ दगडावर सोडतो. समदेच सोडत्यात. आमी थांबलो न्हाई. मांडीवर असलं पोर घिऊन कोन थांबंल? तुमीच सांगा!

अर्ध्या घाटात इंजिनाच्या तापाचा काटा चढला. कोंडिबानं हीटर लावला, म्हनजी इंजिनाची धग भाईर निघंल. आन् काय सांगू बायांनो! बोनेटातनं वाफा, न् हीटरातनं गारठ्याचं वारं! उकळत्या इंजिनातनं गार वारं, ऐकलंय कवा?

थांबलो. बोनेट उघडलं. आतनं आवाज. गुडगुड... गुडगुड... कुनीतरी पानी पितंय! कोंडिबानं खाली वाकून बॅटरी मारली. जमीन कोरडी ठाक. थेंब न्हाई! मग पानी गेलं कुठं?

आन् हाक आली. माझ्या मेलेल्या आयची हाक! "सगुने, पोर चाललं गं. झाकन काढ, पानी वत, निघ!" तिचाच आवाज, तिचाच हेल. माझा हात रेडिएटरच्या झाकनावर गेला. कोंडिबानं असा झटकला की बांगडी फुटली.

"आक्का, उकळतंय ते! तोंड पोळंल. थंड हुईस्तवर थांबायचं."

थांबायचं! पोराचे व्हट निळे पडत्यात, आन् थांबायचं. समद्यात अवघड तेच असतंय. आय अंधारात रडत व्हती. आधी वळनापल्याड, मग जीपमागं, मग माझ्या कानाशी. मी दात आवळून बसले, पन झाकनाला हात लावला न्हाई.

कोंडिबा पाईप चाचपत व्हता. "आक्का, पाईप बदलला न् नुसतं पानी भरलं बघ मी, हवा काढलीच न्हाई. ती आत अडकलीय, म्हनून ही गुडगुड न् हीटरात ऊन पानी जात न्हाई. आन् पाईप आवळायच्या ह्या पट्टीपाशी पाझरतंय. तापल्या लोखंडावर वाफ होतीय त्याची, खाली पडंल कसं?"

पट्टी आवळली त्यानं. इंजिन निवलं तसं फडक्यानं झाकन हळूहळू सोडलं. जीपचं तोंड चढाकडं व्हतंच, म्हनजी हवा आपसूक वर येनार. मी पान्याचा कॅन उचलला, न् पयली ओंजळ रस्त्यावर सोडली. "घे बाबा. तू बी पी."

इंजिन चालू, हीटर चालू. कोंडिबा पाईप दाबतोय, मी पानी वततीय. बुडबुडा आला. आनखी एक. मग हा एवढा मोठा! त्यातनं वाफ उठली, मानसाएवढी उंच. तोंड न्हाई, डोळं न्हाई, पन दोनी हात ओंजळीवानी धरल्यालं! बोनेटावरनं उतरली, मी भिजवल्याल्या मातीपाशी वाकली, आन् "हाऽऽ" केलं. तहान भागल्यावर मानूस करतंय तसं. भ्या कुठलं! माझे हात आपसूक जोडले गेले. आन् त्याच घटकंला हीटरातनं ऊन ऊन वारं आलं पोराच्या अंगावर. पोर रडलं! तेवढं गोड रडनं मी जन्मात ऐकलं न्हाई.

दवाखान्यात पोचलो, पोर वाचलं. पन सांगून ठिवते, रातच्याला त्या घाटानं जाऊ नका. जावंच लागलं, तर कितीबी घाई असू दे, पायथ्याला थांबा.

हा बघा रावजी, कोपऱ्यात बसून मिशीत हसतोय. त्याच घाटात टेंपो चालवतो. म्हनतो, "आये, हवा व्हती गं ती नुसती." व्हय बाबा, हवाच असंल. मग रोज पानी भरताना पयली ओंजळ तू दगडावर का सोडतूस रं?